पोहायला शिकायचं कुठे?

प्रस्ताव बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातून काढल्यासारखा येतो. सार्वजनिक जलतरण तलाव पन्नास-साठ वर्षांचा झालाय, तळाला चिरा गेल्यात, जमिनीखालच्या पाइपांतून पाणी झिरपतंय, गाळणयंत्राचे सुटे भाग मिळेनासे झालेत आणि उन्हाळा तोंडावर आला तरी पुरेसे जीवरक्षक सापडत नाहीत. दुरुस्तीचं अंदाजपत्रक वाचून दाखवलं की सभागृहात चुळबुळ सुरू होते. मग पडद्यावर पुढचं चित्र येतं. रंगीत कमानी, जमिनीतून उसळणाऱ्या धारा, खिदळणारी मुलं. जुना तलाव बुजवू या, तेवढ्याच पैशात तीन-चार बागांमध्ये ‘स्प्लॅश पॅड’ होतील. पाणी साचतच नाही, त्यामुळे बुडायची भीती नाही. जीवरक्षक लागत नाही, तिकीटही नाही.

इथून गावात दोन तट पडतात. ज्यांचं लहानपण त्या तलावात गेलं ते भावुक होतात. आम्ही इथेच उड्या मारल्या, आमच्या मुलांनीही मारल्या, वगैरे. ज्यांच्या घरात दोन-तीन वर्षांचं मूल आहे, त्यांना तलावाच्या आठवणींशी काही देणंघेणं नसतं. त्यांना घरापासून चालत जाता येईल अशी, फुकट आणि निर्धोक जागा हवी असते. दोघांचंही म्हणणं समजण्यासारखं आहे. फक्त दोघंही मौजेबद्दलच बोलत असतात, एक कालच्या आणि दुसरा आजच्या. मौजेच्या तराजूत घातलं तर स्प्लॅश पॅड जिंकणारच, कारण तेवढ्याच मौजेला ते स्वस्त पडतं. सार्वजनिक तलाव बांधायचं मोठं कारण मात्र वेगळं होतं. गावातल्या कुठल्याही घरातल्या मुलाला पोहायला शिकता यावं, ते कारण. ते चर्चेत कुठेच येत नाही. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. तलाव बंद करण्याच्या ठरावात, यापुढे इथली मुलं पोहायला कुठे शिकणार याचं उत्तर जागेच्या नावासकट लिहिलेलं नसेल, तर तो ठराव मंजूर होता कामा नये.

स्प्लॅश पॅडला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. एखाद्या चांगल्या पॅडजवळ दुपारी अर्धा तास उभं राहून पाहावं. उंच खांबावरची मोठी बादली हळूहळू भरत जाते आणि तिच्याखाली जमलेली पोरं माना वर करून वाट पाहतात. बादली कलायला लागली की निम्मी पळतात, निम्मी तिथेच डोळे मिटून उभी राहतात. चाकाच्या खुर्चीतली मुलगीही त्यांच्यात असते, कारण तिथे ना पायरी असते ना शिडी. फरशी सपाट, धारा सगळ्यांना सारख्या. नुकतं चालायला लागलेलं मूल जमिनीतून येणारी बारीक धार तळव्यानं दाबून पाहतं, ती दुसऱ्या भोकातून उसळली की दचकतं. आईवडील कपडे न बदलता कडेला बसलेले असतात. उन्हाळे दर वर्षी जास्त कडक होत असताना वस्तीतल्या वस्तीत अंग भिजवायला मिळणं ही चैन म्हणता येणार नाही. तलावाला तिकीट आणि वेळापत्रक असतं, पोहण्याचे कपडे लागतात, बरोबर एखादं पोहता येणारं मोठं माणूस लागतं. पॅडला यातलं काही लागत नाही. जिथे जमेल तिथे ती व्हावीत, याच मताचा मी आहे.

पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाला तिथे नेऊन पाहा. दहा मिनिटांत त्याची बादली पाहून होते. बारा वर्षांच्या मुलीला तिथे करण्यासारखं काही नसतं. पोरगेल्या वयातल्या मुलांना तर तिथे नुसतं उभं राहिलं तरी लाज वाटते. म्हणजे ही सोय आयुष्यातल्या पाच-सहा वर्षांपुरती. तलाव सहा महिन्यांच्या बाळापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना लागतो. गुडघे झिजलेल्या माणसाला जमिनीवर जो व्यायाम झेपत नाही तो पाण्यात झेपतो, कारण छातीपर्यंतच्या पाण्यात शरीराचं बरंचसं वजन पाणीच उचलतं. त्या माणसाला पॅडचा उपयोग शून्य. तरीही हे सगळं मी दुय्यम मानतो. वृद्धांना व्यायाम आणि किशोरांना विरंगुळा दुसरीकडेही देता येईल. पोहणं शिकवायला मात्र साचलेलं, पुरेसं खोल आणि नजरेखालचं पाणीच लागतं. त्याला पर्याय नाही.

शिकवणं म्हणजे तिथे नेमकं काय घडतं? पहिल्या दिवशी मूल काठ सोडत नाही. मग तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायचे. मग पाठीवर झोपायचं. शिकवणारीचा तळहात पाठीखाली असतो, कान पाण्यात असल्यानं बाहेरचा आवाज घुमतो, मान ताठ, हाताच्या मुठी आवळलेल्या. मान ताठ आहे तोवर पाय खाली जातात. “मान सोड, वर बघ, पोट वर,” असं ती पुन्हा पुन्हा सांगते. कधीतरी मान सुटते, छातीत हवा भरते आणि पाणी आपल्याला उचलतंय हे अंगाला कळतं. तेव्हा ती हात काढून घेते. हे डोक्यानं समजून भागत नाही, अंगालाच कळावं लागतं, आणि त्यासाठी रोज थोडा वेळ असे काही आठवडे जावे लागतात. पुढचे हातपाय मारणं, श्वास घेणं, वळणं हे सगळं त्या तरंगण्यावर उभं असतं. चुकून खोल पाण्यात पडलेल्या माणसाला वाचवतं तेही सुबक हात मारणं नसून बहुतेकदा एवढंच असतं. घाबरून न जाता उताणं होणं, श्वास सावरणं, मग काठाकडे सरकणं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली. त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती. मृत्यूचं प्रमाण २००० सालापासून बरंच खाली आलंय हे खरं, पण ते आपोआप आलेलं नाही. संघटना ज्या मोजक्या उपायांची शिफारस करते, त्यांत शाळकरी वयाच्या मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवणं हा एक ठळक उपाय आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एक ते चार वर्षांच्या ज्या मुलांनी रीतसर पोहण्याचे धडे घेतले होते, त्यांच्यात बुडण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी आढळला. नमुना लहान होता, त्यामुळे आकडा जपूनच वापरावा. पण दिशा स्पष्ट आहे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटनाही २०१९ पासून सांगते आहे की बहुतेक मुलांना वयाच्या पहिल्या वर्षानंतर धडे सुरू करायला हरकत नाही.

याला महागडा तलाव लागतोच असंही नाही. बांगलादेशात गावातल्या तळ्यातच बांबूचा चौकोनी मंच बांधून, त्याच्या कठड्यांच्या आत मुलांना पोहायला शिकवलं जातं. पंचवीस मीटर पोहता यायला हवं, तीस सेकंद तरंगता यायला हवं, आणि बुडणाऱ्याला काठावरूनच काठी वा दोर देऊन ओढता यायला हवं. एवढं जमलं की मूल उत्तीर्ण. फरशा नाहीत, निळा रंग नाही, कपडे बदलायच्या खोल्या नाहीत. पाणी, कठडा आणि शिकवणारं माणूस, एवढंच. श्रीमंत गावांनी जुना तलाव परवडत नाही म्हणून हात वर करताना या बांबूच्या मंचाकडे एकदा पाहायला हरकत नाही.

आता ‘बुडायची भीतीच नाही’ या मुद्द्याकडे येतो, कारण सभेत सगळ्यात जास्त टाळ्या यालाच मिळतात. पॅडच्या चौकोनापुरतं हे बरोबर आहे. पण तलाव बुजवल्यानं नदी बुजत नाही. कालवा, खाण, बंधारा, समुद्रकिनारा, शेजाऱ्याच्या आवारातला खासगी तलाव, सगळं जागच्या जागी राहतं. उकाड्याच्या दिवसांत चौदा वर्षांच्या मुलांना थंड पाणी हवंच असतं. जीवरक्षक असलेलं पाणी काढून घेतलं तर ती पोरं बादलीखाली जाऊन उभी राहणार नाहीत, जीवरक्षक नसलेल्या पाण्याकडे जातील. तिथे तळ दिसत नाही, ओढ कळत नाही. आणि बुडणारा माणूस आपण समजतो तसा ओरडत, हात हलवत नसतो. तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्यात त्याला जेमतेम श्वास घेता येतो, हाक मारायला हवाच उरत नाही. शेजारी उभ्या असलेल्या मित्रांना पत्ता लागत नाही. गावाच्या नोंदवहीत मात्र ‘तलावावरील दुर्घटना शून्य’ असं लिहिलं जातं आणि प्रशासनाची जबाबदारी संपते. धोका कमी होणं आणि धोका आपल्या हद्दीबाहेर जाणं यात फरक आहे. विमा कंपनीला दुसरं पुरत असेल, आईबापांना पुरू नये.

शिवाय उथळ म्हणजे निर्धोक, हेही पुरतं खरं नाही. बऱ्याच पॅडमध्ये पाणी फिरतं ठेवलेलं असतं. धारा खाली पडतात, जाळीतून जमिनीखालच्या टाकीत जातात, गाळून आणि क्लोरीन घालून पुन्हा वर येतात. टाकी तलावाच्या मानानं लहान, भिजणारी मुलं तेवढीच, त्यांतली बरीच लंगोटातली. पाणी तुषारांच्या रूपात उडालं की त्यातला क्लोरीन झपाट्यानं कमी होतो. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा परजीवी तर नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही सात दिवसांहून जास्त तग धरतो. तो मारायला अतिनील किरणांची वा ओझोनची जोड लागते. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका लेक उद्यानात अशाच एका तुषार-अंगणातून हजारो लोक आजारी पडले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या नोंदीनुसार १९९७ ते २०२२ या काळात स्प्लॅश पॅडशी जोडलेले ६० उद्रेक झाले आणि त्यांत १०,६११ जण आजारी पडले. २०२१ मध्ये टेक्ससमधल्या आर्लिंग्टन शहरात पॅडवर खेळलेल्या एका लहान मुलाचा मेंदूत शिरणाऱ्या अमीबाच्या संसर्गानं मृत्यू झाला. तिथे पाण्याच्या रोजच्या तपासणीत खंड पडत होता, हे शहर प्रशासनानं नंतर मान्य केलं.

हे वाचून कुणी पॅडवर जाणं सोडू नये. अमीबाचा संसर्ग अत्यंत दुर्मिळ आहे आणि उद्रेक तलावांतही होतात. मला दाखवायचंय ते इतकंच की ज्या प्रशासनाला तलावाचं पाणी रोज तपासणं जमलं नाही, त्याच प्रशासनाकडे आता चार ठिकाणच्या चार टाक्या जाणार आहेत. देखभालीचा कंटाळा यंत्र बदलल्यानं जात नाही.

टाकी नको असेल तर दुसरा प्रकार आहे. नळाचं पिण्याचं पाणी थेट सोडायचं आणि वापरून झालं की गटारात. आरोग्याच्या दृष्टीनं हा चांगला, बांधायला स्वस्त, आणि म्हणून प्रस्तावात बहुधा हाच असतो. त्याचा हिशेब मात्र कुणीतरी फळ्यावर मांडायला हवा. समजा, सगळ्या धारा मिळून मिनिटाला २०० लिटर पाणी सोडतात, आणि हे काही अवाच्या सवा नाही. रोज सहा तास धरले तर ७२ हजार लिटर होतात. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात सुमारे ४ लाख ७० हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे एक पॅड आठवडाभरात एक अख्खा तलाव गटारात ओततं, चार पॅड चार तलाव. तलावातलंही पाणी उडतं, गळतं, गाळणी धुताना जातं, पण रोज सगळं पाणी कुणी बदलत नाही. बटण दाबलं तरच धारा सुरू होतात अशी सोय केली तर पॅडचा खर्च बराच खाली येतो. ती सोय प्रस्तावात आहे का, हे मात्र विचारावं लागतं.

पैशाचं म्हणाल तर सार्वजनिक तलाव तोट्यातच चालतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तिकिटाच्या पैशातून वीज, रसायनं, पगार आणि दुरुस्ती भागत नाही. सार्वजनिक वाचनालयही तोट्यातच चालतं आणि ते किती नफा देतं असं कुणी विचारत नाही. मला जास्त खटकतो तो तोटा दाखवण्याचा क्रम. आधी एका वर्षी संध्याकाळच्या वेळा कमी होतात, कारण माणसं नाहीत. पुढच्या वर्षी लहान मुलांचे वर्ग बंद होतात, कारण गरम पाण्याचं यंत्र बिघडलंय. फुटलेल्या फरशांना पट्ट्या लावून ठेवतात, न्हाणीघरातला एक नळ सोडून बाकी बंद. लोक यायचे कमी होतात. आणि मग अहवालात तक्ता येतो: ‘पाच वर्षांत नागरिकांचा प्रतिसाद घटला.’ घटणारच. पाय बांधून शर्यतीत उतरवायचं आणि मग वेग मोजायचा, असा हा प्रकार आहे. त्यात तलावाला दार आणि तिकीट असल्यानं तिथली गर्दी नेमकी मोजता येते. पॅडवर कोण किती वेळ आलं याची मोजदाद नसते, अंदाज असतो, आणि अंदाज नेहमी दिलदार असतो.

जीवरक्षकांचा तुटवडा खरा आहे. हंगामी काम, तासांवर पगार, डोक्यावर ऊन आणि जबाबदारी जिवाची. तरुण मुलं दुकानातलं काम पत्करतात यात त्यांचा दोष नाही. पण जीवरक्षक येतात कुठून? आठव्या वर्षी शिकलेलं मूल बाराव्या वर्षी स्पर्धेच्या चमूत जातं, सोळाव्या-सतराव्या वर्षी त्याच तलावावर प्रशिक्षण घेऊन शिट्टी गळ्यात घालतं, आणि दोन वर्षांनी धाकट्यांना शिकवायला लागतं. ही साखळी तलावातच तयार होते. आज जीवरक्षक मिळत नाहीत म्हणून तलाव बुजवला, तर दहा वर्षांनी नदीकाठी, समुद्रावर, शेजारच्या गावाच्या तलावावर उभं राहायलाही माणूस मिळणार नाही. पगार वाढवणं, प्रशिक्षणाचं शुल्क गावानं भरणं, निवृत्त पण धडधाकट पोहणाऱ्यांना तयार करणं, यांतलं काय काय करून पाहिलं, हे तलाव बंद करायला निघालेल्यांनी आधी सांगावं.

सार्वजनिक पाणी काढून घेतल्यावर काय होतं, हे पाहायला कल्पनाशक्ती लागत नाही, इतिहास पुरतो. १९३६ च्या एका उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरानं ११ प्रचंड सार्वजनिक तलाव उघडले होते, तेही महामंदीत, सरकारी रोजगार योजनेच्या पैशातून. अमेरिकेत त्या काळात लहानमोठ्या गावांनीही असे तलाव बांधले. पुढे प्रश्न आला तो या पाण्यात उतरायचं कुणी, हा. १९४९ मध्ये सेंट लुइसच्या फेअरग्राउंड पार्कचा तलाव कृष्णवर्णीयांसाठी खुला झाला, त्याच दिवशी जमावानं त्यांच्यावर हल्ले केले. वर्णभेद बेकायदा ठरला तरी गोरा समाज परतला नाही आणि काही वर्षांत तो तलावच बंद झाला. मॉन्टगोमेरी शहरानं १९५९ मध्ये एकत्र पोहण्याची वेळ येऊ नये म्हणून उद्यानंच बंद केली. मिसिसिपीतल्या जॅक्सननं तलाव बंद केले तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७१ मध्ये न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की तलाव सगळ्यांसाठीच बंद केला तर तो भेदभाव ठरत नाही. कागदावर समानता झाली. प्रत्यक्षात ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी खासगी क्लब काढले, घरामागे तलाव खोदले. बाकीच्यांची मुलं पोहायला शिकली नाहीत, त्यामुळे त्यांच्या मुलांना शिकवणारं घरात कुणी उरलं नाही. रोगनियंत्रण केंद्राच्या २०२४ च्या अहवालानुसार अमेरिकेतल्या सुमारे १५ टक्के प्रौढांना पोहता येत नाही. कृष्णवर्णीय प्रौढांत हे प्रमाण जवळपास ३७ टक्के आहे. आणि एकूण प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी कधी पोहण्याचा धडाच घेतलेला नाही.

आजच्या स्प्लॅश पॅडच्या प्रस्तावामागे तसा द्वेष आहे असं मी म्हणत नाही. बहुतेक ठिकाणी तो साध्या आर्थिक ओढाताणीतून येतो. पण हेतू वेगळा असला म्हणून परिणाम वेगळा होईलच असं नाही. सार्वजनिक तलाव गेला की पोहणं ही पैसे मोजून घ्यायची गोष्ट होते. खासगी क्लब, खासगी शिकवणी, गाडीनं दूरवर नेऊन सोडणारे आईबाप. ज्यांना हे जमतं त्यांना तलाव गेल्याचं फारसं जाणवणारही नाही, आणि सभेत बोलायला वेळ व आत्मविश्वास असणारे बहुधा तेच असतात.

यावर एक सडेतोड उत्तर मिळतं, आणि ते ऐकून घेण्यासारखं आहे. पॅड फुकट आहे, तलावाला तिकीट आहे, मग गरिबाच्या बाजूचं कोण? गरीब घरातली किती मुलं आज तुमच्या त्या तलावात शिकतात? काही ठिकाणी या प्रश्नाचं उत्तर खरोखरच लाजिरवाणं असेल. सकाळची सगळी वेळ वार्षिक सभासदांना आणि स्पर्धेच्या चमूला, वर्ग भरलेले, शुल्क जास्त. असा तलाव वाचवण्यासाठी मी रस्त्यावर उतरणार नाही. पण त्याचं उत्तर वर्ग फुकट करणं, शाळांना दुपारची वेळ देणं, मुलींना आणि महिलांना हवी ती वेळ ठेवणं हे आहे. ज्याच्या दारातून गरीब मूल आत जात नाही, ते दार उघडायचं सोडून इमारतच पाडायची आणि त्याला समता म्हणायचं, हे मला पटत नाही. आवळा देऊन कोहळा काढायचा तो असा.

इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात प्राथमिक शाळा संपेपर्यंत मुलाला किमान २५ मीटर पोहता आलं पाहिजे आणि पाण्यात अडचणीत सापडल्यास स्वतःला वाचवता आलं पाहिजे, असं लिहिलेलं आहे. आइसलँडमध्ये पोहणं शाळेत सक्तीचं आहे, आणि बेट थंड असूनही तिथे लहानशा गावातसुद्धा तलाव असतो. हे दोन देश मुद्दाम शेजारी ठेवले. अपेक्षा लिहून ठेवणं सोपं असतं. शाळेच्या बसनं पोचता येईल इतक्या अंतरावर पाणी नसेल तर ती कागदावरच राहते.

जुना तलाव कुठल्याही किमतीत वाचवलाच पाहिजे, असंही नाही. कधी कवच इतकं फाटलेलं असतं की डागडुजी म्हणजे पैसे पाण्यात घालणं. कधी दोन मैलांवर दुसरा, बंदिस्त, बारमाही तलाव असतो आणि तो निम्मा रिकामा असतो. अशा वेळी जुना बंद करावा, त्या जागी पॅड करावं, आणि मुलांना तिकडे न्यायला वाहन द्यावं. गावाच्या मानानं तलाव अवाढव्य असेल तर लहान करावा. शिकवायला पन्नास मीटरची गरज नसते. चार पट्ट्यांचा पंचवीस मीटरचा तलाव, एका टोकाला कमरेइतकं पाणी आणि कडेला लहानग्यांसाठी छोटं पॅड, यात बहुतेक गावांचं भागतं. दोन्ही एका कुंपणात असली की धाकटं भावंड बादलीखाली आणि थोरलं वर्गात, असं एकाच फेरीत जमतं. ‘तलाव की पॅड’ हा प्रश्न पुष्कळदा वास्तुविशारदापुढे कुणी नीट मांडलेलाच नसतो.

क्रम मात्र बदलता कामा नये. नवीन पाणी आधी, पाडकाम नंतर. ‘तूर्तास पॅड करू, तलावाचं पुढच्या टप्प्यात पाहू’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हावं, कारण बुजवलेली जागा रिकामी राहत नाही. वर्षभरात तिथे वाहनतळाची मागणी येते, आणि दुसरा टप्पा कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

म्हणून पुढच्या सभेत आठवणी सांगायला मिळालेली तीन मिनिटं आठवणींवर घालवू नयेत. विचारावं: गेल्या वर्षी या तलावात किती मुलं पोहायला शिकली? पुढच्या वर्षी तेवढीच कुठे शिकतील, त्या जागेचा कागद झालाय का, तिथे किती वेळ मिळणार, न्यायचं कसं, शुल्क कोण भरणार? पॅडचं पाणी फिरतं की वाहतं, आणि रोज कोण तपासणार? आणि ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललंय त्या दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना कुणी विचारलं का? सर्वेक्षणाचा अर्ज तर आईवडिलांच्या नावानं येतो. या प्रश्नांची उत्तरं तयार असतील तर मतदान त्याच दिवशी घ्यावं. नसतील तर ठराव परत पाठवावा, आणि तोवर गरम पाण्याचं ते यंत्र दुरुस्त करून मुलांचे वर्ग सुरू करावेत.